वाचणारं बोट

चादर बदलताना झालं ते. गादी जाड आणि वजनदार होती. तिचा कोपरा उचलून चादरीचं टोक आत खोचायचं म्हणजे दर वेळी जरा जोर लावावा लागायचा. त्या सुटीच्या सकाळीही तिने डाव्या हाताने कोपरा उचलला, उजव्या हाताची बोटं ताठ करून चादर आत सारली, आणि अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकाशी काहीतरी टक् झालं. वाळकी काडी मोडावी तसं, तेही कुठेतरी लांब. दुखलं फारसं नाही. तिने चादरीची उरलेली टोकंही खोचून टाकली, उशी थोपटली, आणि चहाचं आधण ठेवायला लायटर हातात घेतला तेव्हा तिला कळलं की बोटाचं शेवटचं पेर आपलं ऐकत नाहीये. डाव्या हाताने तिने ते चाचपून पाहिलं. पेर खाली लोंबत होतं. वर उचललं की वर यायचं, सोडलं की मान टाकायचं.

दुसऱ्या कुणाचं असतं तर त्याने फडकं गुंडाळून दोन दिवस ढकलले असते. पण चाळणबाई त्याच बोटाने वाचायची.

चाळणबाई हे नाव तिला छापखान्यात मिळालं होतं. न दिसणाऱ्यांसाठी पुस्तकं छापणारा तो छापखाना, आणि छापायच्या आधी प्रत्येक पान बोटाखालून घालून तपासण्याचं तिचं काम. समोर एक मास्तर बसायचे. पूर्वी खरंच शाळेत शिकवत, म्हणून मास्तर. ते मूळ पुस्तकातून मोठ्याने वाचायचे, ती कागदावरचे ठिपके चाचपत त्यांच्या मागे मागे जायची आणि जिथे ठिपका चुकला असेल तिथे "थांबा" म्हणायची. सव्वीस वर्षांत तिच्या बोटाखालून खडा कधी सुटला नाही, म्हणून चाळण. एकदा एका नव्या व्यवस्थापकाने सगळ्यांना बजावलं होतं की कामं डोळ्यांत तेल घालून करा. तेव्हा ती म्हणाली होती, "साहेब, माझं तेल वाया जाईल. मी आपलं बोट धुऊन येते." छापखाना आठवडाभर हसत होता.

डोळे चौथ्या वर्षी तापात गेले. सहाव्या वर्षी शाळेतल्या बाईंनी तिचं हेच बोट धरून जाड कागदावर ठेवलं आणि सांगितलं, हा क. त्या दिवसापासून बाकी नऊ बोटं तिच्या लेखी हरकामी होती. डावा हात फक्त पुढची ओळ कुठे सुरू होते ते शोधून ठेवायचा, वाचायचा नाही. काही जण दोन्ही हातांनी वाचतात. ती नाही वाचायची. लागलंच नव्हतं कधी.

आई होती तोवर दोघी दोन खोल्यांत राहायच्या. आई गेल्यावर ती एकटीच राहिली. खोल्या तिच्या पायांना पाठ होत्या, कामावर जायचा रस्ता पाठ होता, कोपऱ्यावरचा पाववाला तिच्या काठीचा आवाज ओळखून पाव बांधायला घ्यायचा. दादाला मात्र हे मंजूर नव्हतं. "एकटी काय राहतेस, चिमे," हे तो दर आठवड्याला फोनवर म्हणायचा. ती त्रेपन्न वर्षांची झाली तरी दादासाठी चिमीच होती.

आता तिने त्यालाच फोन केला. अर्ध्या तासात तो आला आणि तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी फोटो काढला, पेर वर-खाली करून पाहिलं आणि दादाकडे वळून बोलायला लागले. "यांना सांगा, हाड मोडलेलं नाही. पेर वर उचलून धरणारी दोरी असते, ती टोकाशी तुटलीय. ऑपरेशन नको. पट्टी घालून पेर सरळ ठेवायचं, म्हणजे ती आपली आपण जुळून येईल. सहा आठवडे."

"मी ऐकतेय," चाळणबाई म्हणाली.

"हो, हो. पण यांना नीट समजावून सांगा," डॉक्टर पुन्हा दादालाच म्हणाले. "सहा आठवडे म्हणजे दिवस-रात्र. आंघोळीलाही काढायची नाही. धुवायचं असेल तर बोट टेबलावर आडवं टेकवून, कुणीतरी धरून. पेर एकदा जरी वाकलं, अगदी एकदाच, तर तोवरचे सगळे दिवस गेले. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं."

मग त्यांनी बोटाच्या टोकावर प्लास्टिकची टोपी चढवली. खालून गोल, वरून उघडी, मागे चिकटपट्टी. पेराच्या पोटाखालची मऊ जागा, जिथून गेली सत्तेचाळीस वर्षं जग तिच्या आत येत होतं, ती त्या टोपीत बंद झाली. तिने सवयीने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. प्लास्टिक लाकडावर घासल्याचा आवाज आला, बस्स.

"ह्या बोटाने मी वाचते," ती म्हणाली.

"सहा आठवडे विश्रांती घ्या की मग," डॉक्टर म्हणाले. हे मात्र तिला म्हणाले.

गाडीत बसल्या बसल्या दादाने ठरवून टाकलं. "सरळ माझ्याकडे. एका हाताने काय करशील तू? गॅस पेटवताना, भाजी चिरताना पेर वाकलं म्हणजे?" त्यात चूक काहीच नव्हतं. ती म्हणाली, "सहा आठवडे." तो म्हणाला, "सहा तर सहा."

दादाचं घर सातव्या मजल्यावर होतं. मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून तिची खोली रिकामी होती, ती आत्याला मिळाली. वहिनीने स्वतः उशीला अभ्रा घातला, कपाटाचा एक खण मोकळा करून दिला. पहिले चार दिवस चाळणबाईला बरं वाटलं. आयता चहा, आयतं जेवण, आंघोळीला गरम पाणी. पाचव्या दिवशी तिने पेला विसळायला घेतला तर वहिनीने तो हातातून काढून घेतला. "वन्सं, तुम्ही बसा हो." सहाव्या दिवशी ती स्वयंपाकघरात गेली तर वहिनीने तिला दंडाला धरून खुर्चीवर आणून बसवलं, पडदा सरकवावा इतक्या सहज. त्या घरात सगळे तिला दंडाला धरायचे. पाहुणे आले की तिच्यादेखत विचारायचे, "यांना चहात साखर चालते का?"

हातावर हात धरून बसणं तिने आयुष्यात केलं नव्हतं. आता दुसरं कामच नव्हतं. सकाळी दादा ऑफिसात गेला की वहिनी टीव्ही लावायची. मालिका सुरू असताना ती चाळणबाईला सांगत राहायची की आता ती रडतेय, आता त्याने फोटो फाडला. चाळणबाई "हं" म्हणायची. वाचायला काही नव्हतं असं नाही. तिने येताना पिशवीत एक जाडजूड कादंबरी आणली होती, शेवटची चाळीसेक पानं राहिलेली. एका खाणावळीच्या मालकिणीची गोष्ट होती आणि मालकीण नुकतीच घर सोडून स्टेशनवर येऊन बसली होती. पण ती पानं घरात कुणाला वाचता येणार? आणि तिचं डावं बोट कागदावर ठेवलं की त्याखाली नुसते रव्याचे कण सांडलेले असायचे. दोन अक्षरं जुळवायला एवढा वेळ जायचा की पहिलं अक्षर विसरायला व्हायचं. पाच मिनिटांत मान भरून यायची. ती पुस्तक मिटून ठेवायची.

बाहेर जावं म्हटलं तर लिफ्ट. जुन्या लिफ्टमध्ये बटणं तरी असतात, मोजून दाबता येतात. इथे काचेसारखी गुळगुळीत पाटी होती. बोट कुठे टेकवायचं ते दिसणाऱ्यालाच ठाऊक. चुकून कुठेही हात लागला तरी लिफ्ट निघायची, कुठल्या मजल्यावर थांबली ते ती सांगायची नाही. जिना होता. एका दुपारी वहिनीचा डोळा लागल्यावर चाळणबाई काठी घेऊन जिन्याने निघाली. लोकांनी जिन्यात कुंड्या, चपलांचे घोडे, सायकली मांडून ठेवल्या होत्या. दोन मजले ती बेतानं उतरली. तिसऱ्यावर सायकलचं हँडल कमरेत बसलं आणि तोल सावरताना पट्टीचं बोट भिंतीवर आपटलं. टोपी जागची हलली नाही. ती तिथेच पायरीवर बसली. कुणीतरी वॉचमनला सांगितलं, वॉचमनने तिला वर आणून सोडलं, वहिनीने दादाला फोन केला.

"काय हवं होतं खाली?" दादाने संध्याकाळी विचारलं.

"काही नाही. चालायचं होतं."

"मग मला सांगायचं. मी नेलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून वहिनी बाजारात जाताना दाराला बाहेरून कडी घालायला लागली. "तुमच्याच काळजीपोटी हो, वन्सं," ती दाराआडून म्हणायची. मग लिफ्टची घरघर ऐकू यायची, आणि घरात फ्रिजच्या गुणगुणीशिवाय आवाज उरायचा नाही. चाळणबाई उठून दाराशी जायची, दार एकदा ओढून बघायची. उघडणार नाही हे माहीत असूनही ओढायची, रोज.

याच दिवसांत तिच्या घरून एकेक वस्तू यायला लागली. दादा ऑफिसातून येताना वाट वाकडी करून तिकडे जायचा. पहिल्यांदा उशी आणली. "तुला तुझ्याच उशीवर झोप लागते ना." मग चहाचा डबा. मग हिवाळी कपडे, खरं तर थंडीला अजून तीन महिने होते. मग आईचा फोटो, जो तिला दिसत नव्हता पण ज्याची चौकट ती रोज पुसायची. दर वेळी ती म्हणायची, "हे कशाला आणलंस?" आणि दर वेळी तो म्हणायचा, "असू दे, लागेल." त्याच्या आवाजात इतकी माया असायची की पुढे बोललं तर आपणच कृतघ्न ठरू असं तिला वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात मास्तर भेटायला आले. ते आल्याबरोबर घरात छापखान्याचा वास आला, जाड कागदाचा आणि यंत्राच्या तेलाचा. वहिनी चहा करायला आत गेली.

"कसं चाललंय?" तिने विचारलं.

"चाललंय. तुमच्या जागी तात्पुरती एक मुलगी आलीय. चोवीस-पंचवीसची असेल."

"कशी आहे?"

मास्तरांनी उत्तर द्यायला जरा वेळ घेतला. सव्वीस वर्षं ज्याचा आवाज ऐकून काम केलं त्याची शांतताही कळते. "बरी आहे," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी वाचते. डावा हात ओळीचा पहिला अर्धा घेतो, उजवा उरलेला. मला वेग वाढवावा लागलाय."

"चुका?"

"सापडतात तिला. सगळ्या नाही. पण सापडतात." मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. "तुमची जागा आहे हो. साहेब म्हणालेत, सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे."

ते गेल्यावर तिने हिशेब मांडला, तो दिवसांचा. एकविसावा दिवस. अजून एकवीस.

एकोणतिसाव्या दिवशी वहिनी कडी घालून बाजारात गेली. दुपारचे तीन वाजले असावेत. बाहेर ऊन होतं, खिडकीपाशी हाताला ऊब लागत होती. चाळणबाईने कादंबरी मांडीवर घेतली. नुसती घेतली. मग खूण घातलेलं पान काढलं. डाव्या बोटाने दोन ओळी रेटल्या, पुन्हा रव्याचे कण. मालकीण चार आठवडे त्या स्टेशनवर बसून होती. ती कुठल्या गाडीत चढली की परत घरी गेली, एवढंच कळायला हवं होतं. एकच पान. बोट कागदावर सपाट टेकलेलं असेल तर ते वाकतं कुठे? टेबलावर टेकवून धुवायला परवानगी आहे, तसंच हे. असं तिने स्वतःला समजावलं आणि पुस्तक टेबलावर ठेवलं, बोट पानावर आडवं टेकवलं, डाव्या हाताने चिकटपट्टी सोडवली आणि टोपी पुढे ओढून काढली.

कातडी ओलसर आणि सुरकुतलेली झाली होती. पहिल्या ओळीला काहीच लागेना. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर एक शब्द उमटला. मग शेजारचा. मग ओळच्या ओळ, जशी बंद नळातून आधी हवा येते, मग थेंब, मग धार. मालकिणीने तिकीट काढलं. फलाटावर एका हमालाने तिला बाकावर जागा करून दिली. चाळणबाई हात सरळ ठेवून खांद्यापासून सरकवत होती, फार सांभाळून, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं ते तिच्या लक्षातही नव्हतं. एक पान संपलं. दुसरं संपलं. गाडी आली. तिसऱ्या पानासाठी तिने सव्वीस वर्षांच्या सवयीने उजव्या हातानेच पान उलटायला घेतलं.

जाड कागद बोटाच्या टोकावरून घसरला आणि पेर खाली गेलं. ती ते पकडायला गेली तोवर ते लोंबायला लागलं होतं, पहिल्या दिवशी लोंबत होतं तसंच.

तिने घाईघाईने पेर वर उचललं, टोपी चढवली, चिकटपट्टी दाबून बसवली. पुस्तक पिशवीत घातलं. वहिनी आली तेव्हा ती पलंगावर बसली होती. "बरं वाटत नाहीये का?" वहिनीने विचारलं. "जरा डोकं धरलंय," ती म्हणाली. दोन दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. कुणी पाहिलं नव्हतं. न सांगता उरलेले तेरा दिवस काढले असते तर सगळे खूश झाले असते, फक्त पेर जुळलं नसतं. छापखान्यात इतरांचा एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी ती पान परत पाठवायची. ते आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी पट्टी तपासायला जायचं होतं. डॉक्टरांनी या वेळी त्यांना हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. दादा नेहमीप्रमाणे बरोबर आत शिरला.

"तुम्ही बाहेर बसाल का?" मॅडम त्याला म्हणाल्या.

"तिला दिसत नाही, म्हणून मी—"

"ऐकू येतं ना? मग बसा बाहेर."

दार लागल्यावर चाळणबाई म्हणाली, "पेर वाकलं. परवा. मीच पट्टी काढली होती."

मॅडमनी तिचा हात टेबलावर टेकवून घेतला आणि टोपी सरकवली. "कशासाठी काढलीत?"

"वाचायला."

"काय वाचत होता?"

महिनाभरात हे कुणीच विचारलं नव्हतं. तिने खाणावळीच्या मालकिणीची गोष्ट सांगितली, स्टेशनपर्यंतची. मॅडम बोट पुसत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "या बोटाने तुम्ही वाचता हे डॉक्टरांनी लिहिलेलंच नाही कुठे."

"मी सांगितलं होतं."

"वाचणाऱ्या बोटाला खालून झाकणारी पट्टी घालतात का कुणी? वरूनही घालता येते."

त्यांनी गरम पाण्यात प्लास्टिकचा एक पातळ तुकडा मऊ केला. तो कोमट तुकडा तिच्या बोटाच्या पाठीवर, नखाकडून मधल्या सांध्याच्या अलीकडे, दाबून बसवला आणि गार होईपर्यंत धरून ठेवला. दोन अरुंद पट्ट्या आडव्या बांधल्या. पेराचं पोट उघडं राहिलं. त्याला वारा लागला.

"मोजायचं मात्र पहिल्यापासून," मॅडम म्हणाल्या. "आज पहिला दिवस. दोन आठवडे याने काही वाचायचं नाही, कातडी सुधारू द्या. मग हलक्या हाताने, दिवसाला एखादं पान. आणि तोवर डाव्याला शिकवा."

"डाव्याला येत नाही."

"उजव्यालाही येत नव्हतं. सहा वर्षांच्या होतात तेव्हा."

गाडीत तिने दादाला खरं ते सांगितलं. तो गाडी चालवत राहिला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "बघ चिमे. म्हणून म्हणतो, तुला एकटीला सोडायची सोय नाही."

घरी पोचल्यावर वहिनी म्हणाली, "बसा वन्सं, पाणी आणते," आणि तिला दंडाला धरून खोलीतल्या खुर्चीवर बसवलं. चाळणबाईने हात टेकले आणि तशीच राहिली. डाव्या हाताच्या दांडीवरचा वेत सुटलेला होता, त्याचं एक टोक वर आलं होतं. आई गेली त्या दिवसापर्यंत या खुर्चीत बसत होती.

"दादा, ही खुर्ची इथे कशी?"

"सकाळी टेम्पो आला होता."

"माझ्या खोल्यांत आता काय उरलंय?"

वहिनी पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबली असावी, पेल्यावर बांगडी वाजली.

"पलंग आहे," दादा म्हणाला. "गॅस आहे. खालच्या काकूंना मी सांगितलंय, महिनाअखेर खोल्या सोडतोय म्हणून."

"सोडतोय म्हणजे कोण?"

"चिमे, माझं ऐक. आईला मी शब्द दिला होता. तिला शेवटी दुसरी काळजी नव्हती, तुझीच होती. मला फोन वाजला की धस्स होतं. आज बोट गेलं, उद्या गॅस राहिला उघडा, परवा पडलीस. मी काय उत्तर देऊ? आणि त्या बोटाने काम नाहीच झालं तर तू करणार काय तिथे बसून?"

तो रडवेला झाला होता. त्याचा आवाज तिला लहानपणापासून पाठ होता. तिला शाळेत पोचवून परत जातानाचा आवाज हाच होता. तिला त्याची दया आली, आणि दया आली तर आपण इथून कधीच निघणार नाही हेही त्याच क्षणी कळलं.

"माझ्याबद्दलचा शब्द तू मला न विचारता दिलास," ती म्हणाली. "तो मी कसा पाळू?"

तिने डाव्या हाताने फोन काढला. खालच्या काकू म्हणजे घरमालकीण, तळमजल्यावर राहायच्या.

"काकू, मी वरची बोलतेय. मी खोल्या सोडत नाहीये."

"अगं, पण तुझा भाऊ म्हणाला... मी एका जोडप्याला हो म्हणून बसलेय. पहिल्या तारखेला यायचेत ते."

"त्यांना नाही म्हणून सांगा."

"शब्द दिलाय गं मी."

इथेही शब्दच. तिला हसूच आलं. "काकू, मी आज घरी येतेय. ते पहिल्या तारखेला आले तर दार मी उघडेन. मग तुम्हीच ठरवा."

दादा तोवर बाहेरच्या खोलीत निघून गेला होता. टीव्ही लागला, बातम्यांचा, नको इतका मोठा. चाळणबाईने एका हाताने कपाटाचा खण रिकामा करायला घेतला. थोड्या वेळाने वहिनी आली आणि न बोलता घड्या घालू लागली. तिने आता दंडाला धरून बाजूला केलं नाही.

"कडी मी घालत होते," वहिनी हळूच म्हणाली. "त्यांनी सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे. ऑफिसातून कशी घालेल तो?"

"तुम्ही आलात तर घरात कुणाशी तरी दोन शब्द बोलणं व्हायचं. लेक गेल्यापासून दिवस दिवस तोंड उघडायला लागत नाही हो मला. वाटलं, गेलात एकट्या कुठे आणि झालं काही, तर पुन्हा आहेच मी आणि टीव्ही." तिने बॅगेची चेन ओढली. "चला. टॅक्सीपर्यंत येते."

लिफ्टमध्ये वहिनीने तिचा डावा हात धरून पाटीवर टेकवला. "हा खालचा कोपरा, तळमजला. कडेपासून चार बोटं. आता काय उपयोग म्हणा." चाळणबाईने चार बोटं मोजून पाहिली. बरोबर होती.

स्वतःच्या खोल्यांत शिरल्यावर पहिल्यांदा तिला तिथलं काही ओळखू येईना. काठीचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. खुर्ची नव्हती, कपाट अर्धं रिकामं होतं, चहाचा डबा नव्हता. ती पलंगाच्या कडेवर बसली. सातव्या मजल्यावर होती तेव्हा वाटायचं, एकदा दार उघडलं की सुटले. आता दार तिचं होतं, कडीही आतून होती, आणि बोट तसंच बांधलेलं. अजून बेचाळीस दिवस. गॅसचं बटण डाव्या हाताने उलटं फिरवताना तिचा दोनदा गोंधळ झाला. रात्री पाव आणि दूध खाऊन ती झोपली.

ते सहा आठवडे पहिल्या चारांपेक्षा जड गेले. उकडलेली अंडी, पाव, पाववाल्याच्या बायकोने वरचेवर दिलेलं सूप. धुणं एका हाताने पिळायचं तर ते पिळलंच जायचं नाही, दिवसभर मोरीत टपटपत राहायचं. जोडपं पहिल्या तारखेला आलं. तिने दार उघडलं, ते "सॉरी हं" म्हणून गेले. काकू महिनाभर तिच्याशी तुसडेपणाने वागल्या. दादाचा फोन तेरा दिवस आला नाही. वहिनीचा यायचा, रोज दुपारी, मालिका संपली की. चौदाव्या दिवशी दादाने फोन केला आणि विचारलं, "गॅस बंद केलास का?" ती म्हणाली, "केला." एवढंच बोलणं झालं. मग टेम्पोने डबा आणि अर्धं सामान परत आलं. खुर्ची आली नाही आणि तिनेही मागितली नाही.

दिवसातून तीन वेळा ती डाव्या बोटाला घेऊन बसायची. शाळेतल्या पहिलीच्या पुस्तकापासून सुरुवात केली. क, क, क, ल. क आणि ल यांत मधल्या एका ठिपक्याचा फरक, तोच त्या बोटाला लागायचा नाही. रागाने ती पुस्तक ढकलून द्यायची आणि पुन्हा ओढून घ्यायची. कादंबरी तिने उघडली नाही.

पट्टी निघाली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पेर उचला." तिने उचललं. उचललं गेलं, पण पुरतं सरळ झालं नाही. थोडं खाली राहिलं.

"आधीच्या पट्टीतच राहिलं असतं तर पूर्ण आलं असतं?" तिने विचारलं.

"आलंही असतं. नसतंही. सांगता येत नाही." मॅडमनी तिचं बोट आपल्या हातात तसंच धरून ठेवलं. "काही महिने रात्री पट्टी घाला. याहून फार फरक पडायचा नाही."

दुसऱ्या सोमवारी ती कामावर गेली. तात्पुरती आलेली मुलगी कायम झाली होती. पहिलं वाचन आता तिच्याकडे होतं, शेवटचं चाळणबाईकडे, तेही अर्धा दिवस. साहेबांनी हे फार गोड शब्दांत सांगितलं. ती हो म्हणाली. दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतं.

मास्तर समोर बसले. इतिहासाच्या पुस्तकाचं पान होतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि त्यांनी वेग किती कमी केलाय ते तिला पहिल्याच ओळीत कळलं. तिने काही म्हटलं नाही. खाली झुकलेल्या पेरामुळे नखाची कड आधी कागदाला लागत होती, म्हणून मनगट उचलून धरावं लागत होतं. दहा ओळींत हात भरून आला.

"थांबा," ती म्हणाली. "इथे क हवा. ल पडलाय."

मास्तरांनी पान पाहिलं. त्यांनाही डोळ्यांनी ठिपके ओळखता यायचे. ते बोलेनात तेव्हा तिने डावं बोट त्या जागी नेलं. डाव्याला वेळ लागला, पण त्याने सांगितलं. क होता. पान बरोबर होतं.

शेजारच्या टेबलावर त्या मुलीचे दोन्ही हात चालत होते, कागदावरून जाणाऱ्या पावलांसारखे, न थांबता.

"माझी चूक," चाळणबाई म्हणाली. "मागच्या ओळीपासून घ्या. आणि मास्तर, आत्ता वाचताय तेवढ्याच वेगाने वाचा, याहून हळू नको."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि मागच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. या वेळी ती दोन्ही बोटं कागदावर ठेवून बसली, उजवं पुढे आणि डावं त्याच्या मागोमाग.